कुक्कूचे पिल्लू आणि आपली मुले

मागील वर्षी एप्रिलच्या अखेरीस आमच्या मंडळातील एका कुटुंबाची नऊ वर्षांची मुलगी शाळेतून एक शब्द घरी घेऊन आली. खेळाच्या सुट्टीत वर्गातील एका मुलाने तिला ‘कुक्कू’ म्हटले होते. परक्या घरट्यात वाढणाऱ्या आणि तेथील पिल्लांना बाहेर ढकलणाऱ्या या पक्ष्याचे नाव इंग्रजीत नकोशा, उपऱ्या माणसासाठीही वापरले जाते. मुलाने ते बहुधा मोठ्यांच्या बोलण्यातून उचलले असावे. मुलीला त्याचा पुरता अर्थ कळला नव्हता, पण बोलण्याचा रोख कळला होता. शाळेशी जे बोलणे आवश्यक होते ते तिच्या आईवडिलांनी बोलून घेतले आणि तो विषय तेथे मिटला. मुलीचा प्रश्न मात्र मिटला नाही. तो पक्षी खरोखरच तसे करतो का, आणि करत असेल तर त्याला तसे करायला कोण शिकवते, असे तिने आईला विचारले.

वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या तयारीसाठी आम्ही काही कुटुंबे जमलो होतो, तेव्हा तिच्या आईने हा प्रश्न आम्हा सर्वांपुढे ठेवला. कोणी म्हणाले, लहान मुलांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये. कोणी म्हणाले, पक्षी तसे काही करत नाही असे सांगून टाकावे. नागपूरहून आलेल्या तिच्या आजींना ते पटले नाही. “खोटं कशाला सांगता? आपली कोकिळा तरी काय करते? कावळ्याच्याच घरट्यात अंडं घालते,” असे त्या म्हणाल्या. आजींचे म्हणणे खरे होते. संस्कृतात कोकिळाला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नावच आहे. एका पक्ष्याच्या जन्मावरून माणसाला नावे ठेवण्याची सोय इंग्रजीत आहे तशी आपल्याकडेही आहे. जन्मावरून ठेवलेली नावे काय करतात, हे आपल्या घरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या संध्याकाळी आमच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. इंग्लंडमध्ये दहा-बारा वर्षे राहूनही आमच्यापैकी एकानेही कुक्कू पाहिलेला नव्हता. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः तपासून पाहावे, ही बुद्धांची शिकवण आम्ही मुलांना वरचेवर सांगत असतो. म्हणून असे ठरले की आधी वाचावे, मग पाहावे आणि त्यानंतरच मुलीला उत्तर द्यावे. त्या महिन्याभरात आम्ही जे वाचले आणि पाहिले ते येथे मांडत आहोत.

एक मोठे कुळ

पक्षिशास्त्रात कुक्कू आणि त्याच्या नातलगांचा एक स्वतंत्र गण मानला जातो. या गणात एकच कुळ आहे आणि त्यात सुमारे १५० प्रजाती मोडतात. त्यांच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे वळलेली असतात. आफ्रिकेतील तुराको नावाचे रंगीत पक्षी पूर्वी याच गणात धरले जात, कारण त्यांच्या पायांची ठेवण काहीशी सारखी आहे. दक्षिण अमेरिकेतील होआत्झिन या पक्ष्यालाही काही अभ्यासकांनी येथेच बसवले होते; त्याच्या पिल्लांच्या पंखांना नख्या असतात आणि त्या नख्यांच्या आधाराने ती फांद्यांवर चढतात. आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास सुरू झाल्यावर हे दोन्ही वेगळे काढले गेले आणि त्यांना आपापले गण मिळाले. वरवरच्या खुणांवरून ठरवलेले नाते पुराव्यापुढे टिकले नाही.

या कुळातील अनेक सदस्य आपल्या ओळखीचे आहेत. काळाभोर, लाल डोळ्यांचा कोकीळ हा त्यांतला पहिला. कवितेत गाणारी ती कोकिळा असते. प्रत्यक्षात चढत्या सुरात गाणारा नर असतो आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी वेगळाच, तुटक आवाज काढते. पेरणीच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा याच कुळातला. पावसाळ्याबरोबर येणारा, डोक्यावर शेंडी असलेला काळा-पांढरा चातकही याच कुळातला. हे तिघेही आपली अंडी इतरांच्या घरट्यात घालतात. कोकीळ कावळ्यांच्या, तर पावशा आणि चातक सातभाईंच्या.

मात्र याच कुळात भारद्वाजही आहे. तांबूस पंखांचा, झुडपांखालून संथपणे चालणारा आणि घुमणाऱ्या आवाजाचा हा पक्षी आपण लहानपणी कुंपणावर पाहिलेला आहे. तो स्वतःचे घरटे बांधतो, आणि नर-मादी दोघेही पिल्ले वाढवतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वाचकांनी नैऋत्येच्या वाळवंटी प्रदेशात रोडरनर पाहिला असेल. रस्त्याने धावणारा, साप आणि सरडे मारून खाणारा हा पक्षीही कुक्कूचा नातलग असून आपल्या पिल्लांचे संगोपन स्वतः करतो. अमेरिका खंडातच आनी नावाचे काळे पक्षी आहेत. त्यांच्या अनेक जोड्या मिळून एकच घरटे वापरतात, माद्या त्यात एकत्र अंडी घालतात आणि उबवण्याचे काम वाटून घेतात. तेथेही सारे गोडीगुलाबीने चालते असे नाही. आपले अंडे घालण्यापूर्वी मादी दुसरीचे अंडे बाहेर लोटते. तरी पिल्ले बाहेर आल्यावर सारेच त्यांना भरवतात.

संख्या पाहिली तर आम्हाला आश्चर्य वाटले. सुमारे १५० प्रजातींपैकी दुसऱ्याच्या घरट्यावर अवलंबून असणाऱ्या साधारण ६० आहेत. उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य, स्वतः घरटे बांधून स्वतःची पिल्ले वाढवतात. तरीही संपूर्ण कुळाची ओळख त्या साठांवरूनच झाली. काहींच्या वर्तनावरून सर्वांना ओळखण्याची सवय माणसाने पक्ष्यांनाही लावली आहे.

जेनरची दुरुस्ती

आता मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग. तो पक्षी खरोखरच तसे करतो का? होय, करतो. पण हे नक्की ठरवायला माणसाला बराच काळ लागला.

देवीची लस शोधणारे एडवर्ड जेनर यांचे नाव आपण शाळेत शिकलो. त्या लसीचा प्रयोग १७९६ सालचा. त्याआधी जेनर ग्लॉस्टरशरमधील खेड्यात वैद्यकी करत आणि फावल्या वेळात पक्ष्यांची घरटी न्याहाळत. डनॉक नावाच्या लहान पक्ष्याच्या घरट्यात कुक्कूचे पिल्लू जन्मले की डनॉकची पिल्ले नाहीशी का होतात, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला होता. डनॉकच आपल्या पिल्लांना बाहेर टाकत असावेत, असे त्यांनी आपल्या पहिल्या निबंधात लिहिले आणि तो लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. त्यानंतर जून १७८७ मध्ये त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वेगळेच पाहिले. नुकतेच जन्मलेले, डोळेही न उघडलेले कुक्कूचे पिल्लू डनॉकच्या पिल्लाखाली शिरले, त्याला पाठीवर घेऊन घरट्याच्या कडेपर्यंत मागे मागे चढत गेले आणि त्याला खाली लोटून दिले. जेनर यांनी आपला आधीचा निबंध मागे घेतला, तो सुधारून पुन्हा दिला, आणि तो १७८८ साली प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या पाठीवर एक खळगा असतो आणि साधारण बाराव्या दिवसापर्यंत तो भरून येतो, हेही त्यांनी नोंदवले. याच कामासाठी पुढच्या वर्षी त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली.

आमच्यातील बरेच जण संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करतात. दिलेले काम चुकीचे निघाले तर ते परत मागवणे किती जड जाते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून जेनर यांच्या निरीक्षणाइतकीच त्यांची ही दुरुस्ती आम्हाला मोलाची वाटली. एवढे असूनही अनेकांना त्यांचे म्हणणे दीर्घकाळ खरे वाटले नाही. आंधळे, उघडे पिल्लू असे करू शकेल हेच पटत नव्हते.

मादी अंडे कसे घालते याविषयीही असाच वाद होता. ती जमिनीवर अंडे घालून चोचीने घरट्यात नेऊन ठेवते, असे अनेक जाणकार मानत. एडगर चान्स या हौशी अभ्यासकाने वूस्टरशरमधील एका माळरानावर माद्यांवर पाळत ठेवली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी त्याचे चलच्चित्रण करवून घेतले. मादी थेट घरट्यावर उतरून अंडे घालते हे त्यात स्पष्ट दिसले. तिला त्यासाठी अवघे दहाएक सेकंद पुरतात. जाताना ती घरट्यातील एक अंडे उचलून नेते. चान्स यांच्या पाळतीवरील एका मादीने १९२२ च्या एकाच हंगामात २५ अंडी घातली, आणि प्रत्येक वेगळ्या घरट्यात.

विकन फेनमधील सकाळ

वाचन झाले, आता पाहणे उरले होते. केंब्रिजजवळ विकन फेन नावाची पाणथळ जागा आहे. इंग्लंडच्या पूर्व भागातील दलदलीचा बहुतेक प्रदेश शेतीसाठी कोरडा केला गेला. हा तुकडा मात्र राखला गेला. नॅशनल ट्रस्टने येथील पहिली जमीन १८९९ साली घेतली. केंब्रिज विद्यापीठाचे निक डेव्हिस आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून येथेच कुक्कू आणि रीड वॉर्बलर यांच्या नात्याचा अभ्यास करत आले आहेत. रीड वॉर्बलर म्हणजे बोरूच्या दाट बेटात झोळीसारखे घरटे विणणारा चिमुकला वटवट्या.

मे महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी पाच कुटुंबे पहाटे निघून तेथे पोहोचलो. लाकडी फळ्यांच्या वाटेवर दव होते. आजींनी स्वेटरवर शाल घेतली होती आणि मुलांनी दुर्बिणीवरून भांडण सुरू केले होते. पहिला अर्धा तास फक्त बोरूतील वटवट ऐकू येत होती. मग पाण्यापलीकडच्या झाडांतून दोन स्वर आले, पहिला वरचा आणि दुसरा खालचा. मुलगी जागीच थांबली. “तो आपलंच नाव सांगतोय,” ती इंग्रजीत म्हणाली. आजी म्हणाल्या, “आपल्या कोकिळाचा आवाज चढत जातो. हा खाली उतरतो.”

थोड्या वेळाने तो दिसलाही. एका वाळक्या फांदीवर पंख खाली सोडून बसलेला, राखाडी पाठीचा आणि पोटावर आडव्या रेघा असलेला पक्षी. तेथे पक्षी पाहायला आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी आपल्या मोठ्या दुर्बिणीतून सर्व मुलांना आळीपाळीने पाहू दिले. आजींनीही पाहिले आणि त्या म्हणाल्या, “हा तर शिक्र्यासारखा दिसतो.” अभ्यासकांचेही हेच म्हणणे आहे. कुक्कूचे रूप स्पॅरोहॉक या शिकारी पक्ष्याशी मिळतेजुळते असते, तसेच आपल्या पावशाचे शिक्र्याशी. लहान पक्षी त्या रूपाला बिचकतात आणि मादीला घरट्याजवळ जाण्याची संधी मिळते. अंडे घातल्यावर मादी एक खळखळता आवाज काढते. तोही शिकारी पक्ष्याच्या आवाजाशी जुळतो. केंब्रिजच्या अभ्यासकांनी विकन फेनमध्येच दाखवून दिले की तो ऐकून वॉर्बलरचे लक्ष स्वतःच्या जिवाकडे वळते आणि घरट्यातील अंड्यांकडे दुर्लक्ष होते.

पण वॉर्बलरही भाबडे नाहीत. डेव्हिस आणि त्यांचे सहकारी मायकेल ब्रुक यांनी रंगवलेली खोटी अंडी त्यांच्या घरट्यांत ठेवून पाहिली. आपल्या अंड्यांहून वेगळी दिसणारी अंडी वॉर्बलर अनेकदा ओळखतात आणि फेकून देतात. म्हणूनच वॉर्बलरच्या घरट्यात घातले जाणारे कुक्कूचे अंडे हिरवट आणि ठिपकेदार असते, तर पिपिटच्या घरट्यात घातले जाणारे तपकिरी. कुक्कूच्या माद्यांच्या अशा वेगवेगळ्या शाखा असून प्रत्येक शाखा साधारणपणे एकाच प्रकारच्या यजमानाकडे जाते. एकाने ओळखायला शिकावे आणि दुसऱ्याने अधिक हुबेहूब व्हावे, अशी ही स्पर्धा हजारो वर्षे चालली आहे.

यजमानाचा नाशच होतो असेही प्रत्येक ठिकाणी नाही. भारतातील कोकिळाचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना बहुधा बाहेर लोटत नाही. ते त्यांच्यासोबत वाढते. स्पेनमध्ये ठिपकेदार कुक्कूचे पिल्लू कावळ्यांच्या घरट्यात वाढते. धोका जाणवला की ते एक दुर्गंधी द्रव सोडते आणि त्यामुळे शिकारी प्राणी दूर राहतात. शिकाऱ्यांचा उपद्रव मोठा असतो त्या वर्षी असे पिल्लू असलेली घरटी अधिक यशस्वी ठरतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मुलीला जेव्हा हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदाच हसली.

न शिकवलेला प्रवास

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड होता. हे सारे त्याला कोण शिकवते?

कुक्कू एप्रिलच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये येतो. वृत्तपत्राला पत्र लिहून पहिला कुक्कू ऐकल्याची वर्दी देण्याची येथे जुनी प्रथा आहे, इतका तो वसंताचा मानकरी समजला जातो. पण जूनच्या मध्यापासून प्रौढ पक्षी परतू लागतात. ते नेमके कोठे जातात हे २०११ पर्यंत नीट ठाऊक नव्हते. त्या वर्षी ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने नॉरफोकमध्ये पाच नरांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारी, अवघ्या पाच ग्रॅमची यंत्रे बसवली आणि उपग्रहाद्वारे त्यांचा माग काढला. ते सहारा ओलांडून काँगोच्या खोऱ्यातील अरण्यात पोहोचले. त्यांपैकी क्रिस नाव दिलेल्या पक्ष्याची माहिती चार वर्षे मिळत राहिली. तो वर्षातील दोन महिनेही इंग्लंडमध्ये राहत नव्हता. त्याचा सर्वाधिक काळ आफ्रिकेत आणि उरलेला प्रवासात जात होता. मग तो पक्षी कोणत्या देशाचा म्हणायचा, असे एका मुलाने विचारले. आम्ही मोठी माणसे त्यावर काही बोललो नाही, पण हा प्रश्न आम्हाला कोणकोणत्या खिडक्यांवर आणि कोणकोणत्या अर्जांत विचारला गेला आहे, ते प्रत्येकाच्या मनात येऊन गेले.

२०१९ साली मंगोलियातही अशीच यंत्रे बसवण्यात आली. तेथील ओनोन नावाचा कुक्कू भारतावरून, अरबी समुद्र ओलांडून झांबियापर्यंत गेला आणि मे २०२० मध्ये परतला. येण्याजाण्याचे अंतर २६,००० किलोमीटरहून अधिक भरले. त्या वेळी टाळेबंदीमुळे आपल्यापैकी कित्येकांना आजारी आईवडिलांना भेटायला जाणेही शक्य नव्हते.

आता पिल्लाचा विचार करावा. ते वॉर्बलरच्या किंवा डनॉकच्या घरट्यात जन्मते. आपल्या खऱ्या आईवडिलांना ते कधी पाहत नाही. ते स्वतंत्रपणे उडू लागते तोवर प्रौढ कुक्कू देश सोडून गेलेले असतात. त्याला भरवणारा डनॉक तर इंग्लंड सोडतही नाही. तरी काही आठवड्यांनी ते पिल्लू एका रात्री एकटेच निघते आणि कधीही न पाहिलेल्या आफ्रिकेकडे उडत जाते. पुढे मोठा झालेला नर वसंतात परत येऊन ‘कुक्कू’ असेच म्हणतो. वॉर्बलरच्या घरात वाढूनही तो वॉर्बलरसारखा गात नाही. दिशा, हंगाम आणि गाणे हे सारे तो जन्मतः घेऊन आलेला असतो.

म्हणून मुलीला आम्ही उत्तर दिले ते असे. पिल्लू ते करते, पण ते दुष्टपणाने करत नाही. त्याचे डोळे उघडलेले नसतात. समोर कोण आहे हे त्याला माहीत नसते. त्याला कोणी शिकवत नाही आणि दुसरे काही शिकण्याची संधीही त्याला नसते.

जन्माने काय मिळते

हे उत्तर देताना आमच्यापैकी काही जण अस्वस्थ झाले. गुण आणि वर्तन जन्मानेच ठरते, हे वाक्य आपल्या पूर्वजांच्या विरोधात शतकानुशतके वापरले गेले. मग त्याच वाक्याचा दाखला आपण मुलांपुढे पक्ष्याच्या रूपाने ठेवत आहोत का?

याचे उत्तर सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात सापडते. जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, हा वाद घेऊन दोन तरुण बुद्धांकडे येतात. बुद्ध त्यांना गवत, झाडे, कीटक, चार पायांचे प्राणी, साप, मासे आणि पक्षी यांची उदाहरणे देतात. या साऱ्यांमध्ये जन्माने येणाऱ्या वेगवेगळ्या खुणा आहेत, तशा खुणा माणसांमध्ये नाहीत, असे ते सांगतात. माणसाची ओळख त्याच्या कामाने होते. पक्ष्यांमधील जन्मजात भेद बुद्धांनी नाकारला नाही. तो भेद माणसाला लागू होत नाही हे दाखवले. मराठीत पक्ष्यांच्या प्रकारालाही ‘जात’ म्हणतात आणि माणसांमधल्या भिंतीलाही. शब्द एक असल्यामुळे वस्तूही एकच आहे असा भास होतो. कुक्कू आणि वॉर्बलर यांच्यात जे अंतर आहे तसले काहीही दोन माणसांच्या मुलांमध्ये नसते. वर्गातील त्या मुलाची चूक पक्षिशास्त्राची होती. ती शिकून दुरुस्त होऊ शकते.

विकन फेनमधील आणखी एक प्रयोग येथे सांगितला पाहिजे. शेजारचे वॉर्बलर कुक्कूवर तुटून पडताना पाहिले की इतर वॉर्बलरही स्वतःच्या घरट्याजवळ कुक्कूला अधिक जोराने हुसकावू लागतात, असे डेव्हिस आणि जस्टिन वेलबर्गन यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ते एकमेकांकडे पाहून शिकतात. पुढे तेथील कुक्कूंची संख्या घटली, तसे परके अंडे नाकारण्याचे प्रमाणही कमी झाले. पाखरांमध्येही सगळेच जन्माने येत नाही. काही शेजाऱ्याकडून मिळते, आणि गरज दिसेनाशी झाली की सवय सुटत जाते.

परतीच्या वाटेवर हेच आमच्या समोर घडले. गाडीत आजी नातीला पावशाविषयी सांगत होत्या. मृगाच्या आधी तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणतो, मग त्यांचे वडील बियाणे काढून बसत, पण शेत दुसऱ्याचे असे, असे त्या बोलत होत्या. मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने आईला इंग्रजीत विचारले, “आजी काय म्हणते आहे?” आईने गाडी चालवता चालवता दोन वाक्यांत भाषांतर केले. शेत दुसऱ्याचे होते, हा भाग त्यात राहून गेला. आजी गप्प झाल्या.

आमच्यातील अनेक घरांची हीच स्थिती आहे. मराठी घरात कानावर पडते, तेव्हा मुलांना ती येईलच, असे आपण गृहीत धरतो. बाबासाहेबांचे छायाचित्र भिंतीवर आहे, तेव्हा त्यांचा विचारही मुलांपर्यंत पोहोचेलच, असे मानतो. कुक्कूच्या पिल्लाला वाट न शिकवता येते. आपल्या मुलांना येत नाही. त्यांना आजीची गोष्ट समजावी असे वाटत असेल तर आजीची भाषा कोणीतरी बसून शिकवावी लागते, तीही आजी असेतोवर.

जून महिन्यापासून आम्ही रविवारी सकाळी एक तास मराठीसाठी राखून ठेवला. आजी परत जाईपर्यंतचे आठ वर्ग त्यांनीच घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर अक्षरे काढली नाहीत; पावशाची तीच गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सावकाश, आणि शेत कोणाचे होते तेथे थांबून.

मुलीने शाळेत कुक्कूविषयी पाच मिनिटे बोलण्याची परवानगी मागून घेतली. तिने सांगितले की हा पक्षी इंग्लंडमध्ये दोन महिनेही राहत नाही, आणि २००९ पासून येथील चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. त्याचे खाद्य असलेले केसाळ सुरवंट कमी होत आहेत. आफ्रिकेकडे जाताना स्पेनवरून जाणारी वाट जवळची असूनही त्या वाटेवर इटलीवरील वाटेपेक्षा अधिक पक्षी मरतात, असे यंत्रांच्या नोंदींवरून आढळले आहे. ज्या मुलाने तिला तो शब्द म्हटला होता त्याने हात वर केला आणि विचारले, एकट्या पिल्लाला वाट कशी सापडते? तिने सांगितले की दिशा ते जन्मतः घेऊन येते, पण ती दिशा त्याच्यात नेमकी कशी साठवलेली असते ते शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा विकन फेनला जाणार आहोत. कुक्कू ऐकण्यासाठी एप्रिलची अखेर ते जूनचा आरंभ हा काळ उत्तम, आणि सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. सोबत गरम कपडे, पाणी आतपर्यंत शिरणार नाही असे बूट आणि असेल तर दुर्बीण घ्यावी. बोरूत शिरून घरटी शोधू नयेत. ज्या घरी आजी-आजोबा आलेले असतील त्यांनी त्यांना अवश्य आणावे; पावशाची गोष्ट ऐकायला या वेळी मुले मराठीत तयार आहेत.